अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

कैवारी : फायबरच्या बोटीचा जो भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो, तो जेलकोट. बोट साच्यात घडवताना हाच थर सर्वांत आधी पडतो. साच्याच्या आतल्या अंगाला मेण चोळून त्यावर रंग मिसळलेले पॉलिएस्टर रेझिन ब्रशने किंवा फवाऱ्याने चढवतात. ते पुरते कडक होण्याआधी काचतंतूंची मॅट आणि विणलेले रोव्हिंग रेझिनमध्ये भिजवून त्यावर थरावर थर बसवतात. बोट साच्यातून सुटली की आधी पडलेला थर सर्वांत बाहेर येतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 मायक्रॉन. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर 40-50 मायक्रॉनचा असतो. त्या मानाने जेलकोट दहापट जाड, त्यामुळे घासून पुन्हा चमकवण्याची सोय त्यात असते. पण निगा ठेवली नाही तर हा थर उन्हाने मरतो. तेलंगणातल्या उटनूरपासून जवळचे मोठे पाणी म्हणजे कडम धरणाचा जलाशय. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातला हा प्रकल्प आता निर्मल जिल्ह्यात मोडतो, आणि तिथे पर्यटकांसाठी नौकाविहार चालतो. या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांना टेकतो. पाण्यावर सावली नसते, शिवाय वरून पडणाऱ्या उन्हात पाण्यावरून परतणाऱ्या उन्हाची भर पडते. अशा ठिकाणी वर्षातून एकदा जेलकोट धुणे, लागेल तेवढाच घासून कापणे आणि त्यावर मेण देणे हा देखभालीचा पाया मानला पाहिजे.

साशंक : पाया म्हणायचा तर तो बोटीच्या बळाचा हवा, आणि बोटीचे बळ जेलकोटात नसते. ते त्यामागच्या काचतंतूंच्या थरांत, आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांत आणि जोडांत असते. निस्तेज झालेली बोट बुडत नाही; जोड सुटलेली बुडते. प्राणहिता आणि इंद्रावतीच्या काठांवर एका खोडातून कोरलेले डोंगे पिढ्यानपिढ्या चालले, त्यांना कोणी चमकवले नाही. कोकणात लाकडी होड्यांना माशाचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल, डांबर दिले जाई. त्याचा उद्देश लाकूड कुजू नये आणि किडू नये एवढाच होता, आणि त्याने होडी उलट काळवंडायची. चकाकीची हौस फायबरबरोबर आली. त्यातही मुख्य आक्षेप वेगळाच आहे. पॉलिश म्हणजे वर काही चढवणे, असा समज असतो. प्रत्यक्षात ते खरवडणे आहे. 400 नंबरच्या पॉलिश पेपरचा दाणा साधारण 35 मायक्रॉनचा, 1000 नंबरचा 18 आणि 2000 नंबरचा 10 मायक्रॉनचा असतो. जाड पेपरने पडलेले ओरखडे बारीक पेपरने काढायचे, म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत सगळा पृष्ठभाग खाली आणायचा. दरवर्षी असा उतारा चालला तर 500 मायक्रॉनची पुंजी किती वर्षे पुरेल? कोपऱ्यांवर आणि कडांवर तर थर मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे मशीन जरा जास्त फिरले की आतल्या मॅटचे तंतू दिसू लागतात. रक्षणाच्या नावाखाली जे राखायचे तेच झिजवले जाते.

कैवारी : झीज आपोआपही होत असते, आणि ती थांबवण्यासाठीच निगा हवी. उन्हातली अतिनील किरणे पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. रंगाचे कण एकत्र धरून ठेवणारे रेझिन पृष्ठभागावरून हळूहळू नाहीसे होते आणि कण सुटे पडतात. पांढऱ्या बोटीत हे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात. अशा बोटीच्या बाजूवरून काळे फडके फिरवले तर ते पांढरे होऊन येते. तळहात फिरवला तर खडूची पूड लागावी तसा तो भरतो. गडद निळ्या किंवा लाल बोटीत हीच गोष्ट आधी दिसते, कारण पांढरी पूड गडद रंगावर लपत नाही. पूड धरलेला पृष्ठभाग खडबडीत आणि सच्छिद्र होतो, मग त्यात धूळ, शेवाळ आणि इंजिनाच्या धुराची काजळी घर करते. ती काढायला जोरात घासावे लागते, आणि त्या घासण्यात पृष्ठभाग आणखी उघडा पडतो. म्हणजे दुर्लक्ष केलेली बोट शेवटी जास्तच कापावी लागते. क्रम नीट पाळला तर कापणे फार थोडे लागते. आधी सौम्य साबणाने धुणे. मग गंजाचे आणि पानांच्या अर्काचे तपकिरी डाग ऑक्झॅलिक अॅसिडच्या पातळ द्रावणाने काढणे. मग एक हातभर जागा निवडून तिथे घासणीचे सर्वांत बारीक कंपाउंड लावून पाहणे. त्याने रंग परत आला तर पेपरला हातच लावायचा नाही. नाही आला तर एक पायरी जाड, आणि तेही काम भागेपर्यंतच. चकाकीमागचे कारणही साधे आहे. प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते. ओरखडे त्याहून लहान झाले की प्रकाश विखुरत नाही आणि पृष्ठभाग आरशासारखा वागू लागतो. म्हणून चकाकी हे पृष्ठभाग बंद आणि गुळगुळीत असल्याचे माप आहे.

साशंक : माप म्हणून ते फसवे आहे. बाजारातल्या बऱ्याच पॉलिशांत तेले आणि भराव असतो. तो बारीक छिद्रांत आणि ओरखड्यांत बसतो, पृष्ठभाग ओला असल्यासारखा गडद आणि तुळतुळीत दिसतो, आणि दोन पावसांत किंवा चार धुण्यांत भराव निघून गेला की मूळचा पांढुरकेपणा परत येतो. अशी चकाकी पृष्ठभागाची प्रकृती सांगत नाही, ती झाकते. विकायला काढलेल्या जुन्या बोटीवर असले पॉलिश हमखास सापडते. मेणाचीही तीच गत. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा हे मेणांत सर्वांत कडक; ते 80 अंशांच्या पुढे वितळते. पण चोळून पुसल्यावर जे उरते ते इतके पातळ असते की अतिनील किरणांना त्याची भिंत म्हणता येणार नाही. कडक उन्हात ते काही महिन्यांत निघून जाते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट थोडे जास्त टिकतात, सिलिकायुक्त सिरॅमिक लेप त्याहून जास्त. पण पातळपणा तिथेही आहेच, आणि लेपाखालचा पृष्ठभाग नीट तयार केलेला नसेल तर तो महाग लेप खालचा दोष वर्षभर जपून ठेवतो. ऊन थांबवायचे असेल तर ऊनच थांबवावे. पत्र्याची शेड, नाहीतर मापाने शिवलेली ताडपत्री. जी बोट दिवसातले चार तास चालते आणि वीस तास उभी असते, तिच्यासाठी सावलीसारखे दुसरे पॉलिश नाही.

कैवारी : सावलीचे मोल वादातीत आहे, अडचण ती सगळीकडे मिळण्याची आहे. ताडपत्री घट्ट बांधली तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. सैल बांधली तर वाऱ्यावर फडफडून तीच जेलकोट घासते, शिवाय तिच्यावर बसलेली धूळ पेपरचे काम करते. धरणाची पातळी वर्षभरात चढते-उतरते, त्यामुळे पाण्यावरची पक्की शेड एका जागी ठेवणे सोपे नसते. किनाऱ्यावर तर प्रश्न आणखी वेगळा. मालवण-तारकर्लीच्या फायबर बोटी हंगामात दिवसभर पाण्यात आणि वाळूत असतात. त्यांना रोज झाकणार कोण? कोकणात यासाठी वर्षाची वाटणीच ठरलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि डागडुजी व रंगरंगोटी त्या वेळात उरकून नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात जातात. म्हणजे सावलीचे महिने वेगळे आणि उन्हाचे वेगळे. उन्हाच्या महिन्यांत बोटीवर जे राहू शकते ते मेणच. त्याचे काम ऊन अडवण्याचे नाही, हे मान्य करावे. त्याचे काम छिद्रे बुजवून मळ चिकटू न देणे हे आहे. मेण असलेल्या बाजूवर पाण्याचे थेंब गोळा होऊन घसरतात, शेवाळाची रेघ ओल्या फडक्याने निघते, धक्क्याच्या टायरचे काळे पट्टे चोळावे लागत नाहीत. जेलकोटाचे बरेचसे नुकसान त्याच्या साफसफाईतच होते. मेण ती साफसफाई हलकी करते. मेण दर हंगामाला, आणि कापणे पूड दिसेल तेव्हाच, अशी विभागणी ठेवली तर पुंजी संपण्याची भीती उरत नाही.

साशंक : हा सगळा विचार पाण्याच्या वरच्या भागापुरता झाला. बोटीचा घात होतो तो बहुधा पाण्याखाली, आणि तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही. पॉलिएस्टर जलरोधक वाटते, पण पाण्याचे रेणू त्यातून सावकाश आत झिरपतात. आतल्या थरांत कुठे न मुरलेले रेझिन, कुठे मॅटचे तंतू बांधणारा पदार्थ, कुठे हवेचा बुडबुडा राहिलेला असतो. झिरपलेल्या पाण्यात तिथली आम्ले आणि ग्लायकोल विरघळतात, आत एक घट्ट द्रावण तयार होते आणि ते बाहेरचे पाणी आणखी ओढू लागते. दाब वाढून जेलकोट फुगतो, त्याला फोड येतो. असा फोड फोडला तर आतून चिकट पाणी बाहेर येते आणि त्याला शिरक्यासारखा आंबूस वास असतो. ही ओढ आतल्या आणि बाहेरच्या द्रावणांतल्या फरकावर चालते. समुद्राच्या पाण्यात मुळातच मीठ असते, म्हणून फरक कमी. धरणाचे पाणी गोडे, म्हणून फरक जास्त. पाणी कोमट असेल तर क्रिया आणखी वेगाने होते. म्हणजे कडमसारख्या गोड्या, उन्हाने तापणाऱ्या आणि बोट महिनोन्महिने तरंगत ठेवणाऱ्या पाण्यात फोडांचा धोका मालवणपेक्षा जास्त. मेण त्या झिरपण्याला अडवत नाही. वरच्या बाजू दरवर्षी चमकवायच्या आणि तळ कधी उलटून पाहायचा नाही, हे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असे झाले.

कैवारी : तळाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावरून पॉलिश निरर्थक ठरत नाही, त्यावरून देखभालीचा नकाशा ठरतो. जलरेषेच्या खाली मेण लावायचेच नाही. तिथे उपाय तीन. पहिला घडणीच्या वेळचा: साध्या ऑर्थोफ्थॅलिक रेझिनऐवजी आयसोफ्थॅलिक जातीचे रेझिन जेलकोटासाठी वापरणे, कारण ते पाणी कमी शोषते. दुसरा, नव्या किंवा पुरत्या वाळवलेल्या तळावर इपॉक्सीचे थर देणे. इपॉक्सीतून पाणी पॉलिएस्टरपेक्षा बरेच हळू जाते. तिसरा सर्वांत स्वस्त: बोट वर्षातून काही आठवडे पाण्याबाहेर काढून कोरडी ठेवणे, म्हणजे झिरपलेले पाणी उलट वाटेने बाहेर पडू लागते. गोड्या पाण्याचा एक फायदाही मोजला पाहिजे. समुद्रात तळाला बार्नेकल धरतात, म्हणून तांबे असलेला विषारी रंग द्यावा लागतो. टिनयुक्त रंग त्याहून जहाल होते. त्यांच्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी 2008 साली अमलात आली. धरणात बार्नेकलचा उपद्रव नसतो, शेवाळ असते, आणि ते मऊ ब्रशने निघते. ज्या पाण्यावर शेती उभी आहे त्यात तांब्याचा रंग सोडण्याची गरजच पडत नाही. आणि तळ पाहण्यासाठी बोट बाहेर काढली की तिच्या बाजूही त्याच वेळी होतात. दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत.

साशंक : एकमेकांच्या आड येणारी जागा आहे, ती म्हणजे डेक. बाजूंवर जो गुळगुळीतपणा गुण, तोच डेकवर दोष. म्हणून साच्यातच डेकवर खडबडीत नक्षी उठवलेली असते: बारीक चौकडी, हिऱ्यांची जाळी किंवा वाळूसारखे दाणे. ती पाय धरून ठेवते. पर्यटकांच्या बोटीवर माणसे ओल्या चपलांनी चढतात, लहान मुले असतात, बोट डुलत असते. अशा डेकवर मेण लावले तर पाय निसटायला निमित्त पुरते. मशीन फिरवले तर नक्षीची टोके झिजून खालच्या खाचा तशाच मळलेल्या राहतात. म्हणजे मळ जात नाही आणि पकड जाते. त्याच डेकवर खुंट्यांच्या मुळाशी आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांत चांदणीसारखे बारीक तडे दिसतात. जेलकोट त्यामागच्या थरांपेक्षा ठिसूळ असतो. खालचा भाग वाकला किंवा ठोका बसला की तो आधी तडकतो. तडा ही खालच्या दुबळेपणाची खबर आहे. पॉलिश करणारा माणूस त्या तड्यात पांढरे कंपाउंड भरतो, वरून पुसतो, आणि खबर पुसली जाते. भरीला सिलिकॉन असलेले पॉलिश वापरले असेल तर पुढे दुरुस्तीचा थर तिथे धरत नाही. ताजा जेलकोट माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळे करून मागे सरतो.

कैवारी : डेकसाठी वेगळा नियम हवाच, आणि जाणते लोक तो पाळतात. चालण्याच्या जागी मेण नाही, मशीन नाही. साबण, ताठ ब्रश आणि भरपूर पाणी. फार झाले तर निसरडे न करणारे खास सीलंट. डेकच्या कडेच्या गुळगुळीत पट्ट्या, बसण्याच्या जागांच्या बाजू आणि काचेभोवतालचा भाग एवढ्यालाच मेण. तड्यांचे म्हणाल तर पॉलिशआधीची धुलाई हीच ते शोधण्याची संधी असते. तडा दिसला की आधी खालून ठोकून पाहायचे. आवाज बद्द आला तर थर सुटलेले आहेत, आणि मग काम पॉलिशवाल्याचे राहत नाही. तडा वरवरचा असेल तर तो इंग्रजी व्हीच्या आकारात उघडून, अॅसिटोनने पुसून, ताजा जेलकोट हार्डनर मिसळून भरायचा. इथे एक खुबी आहे. पॉलिएस्टरचा उघडा पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुरता पिकत नाही, चिकट राहतो. म्हणून शेवटच्या थरात पॅराफिन मिसळतात. ते वर तरंगून हवा तोडते. किंवा ओल्या जेलकोटावर प्लास्टिकचा कागद चिकटवतात. पिकल्यावर तो उंचवटा 400, मग 800, मग 1200 अशा वॉटर पेपरने पाण्यात घासून सपाट करतात आणि कंपाउंडने भोवतालच्या पृष्ठभागात मिसळतात. म्हणजे पॉलिश हा दुरुस्तीचा शेवटचा टप्पा आहे, आणि तो येत नसेल तर दुरुस्तीही धड होत नाही. सिलिकॉन नसलेले पॉलिश निवडणे हा दुकानातल्या सावधपणाचा प्रश्न आहे.

साशंक : कौशल्य मान्य. पण पॉलिशच्या बाजूने आणखी एक दावा होतो, तो वेगाचा, आणि तो तपासला पाहिजे. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात. त्यांत धावणारी लेझर ही एकट्याने हाकायची बोट 4.23 मीटर लांब आणि तिचे फायबरचे शरीर 59 किलोंचे. तिथेही मेण लावलेला तळ पाण्यातून जास्त घसरतो अशी समजूत असते. पाणी तळाला लागून एक अगदी पातळ थर धरते. त्यातला सर्वांत आतला भाग जवळजवळ संथ असतो. खडबडीतपणा त्या संथ भागात बुडालेला असेल तोवर पाण्याला तो जाणवत नाही. म्हणजे बारीक वॉटर पेपरने नीट घासलेला निस्तेज तळ आणि आरशासारखा तळ यांत अशा छोट्या बोटीच्या वेगाला फरक पडत नाही. पाणी थेंब होऊन घसरते हे हवेत दिसणारे दृश्य आहे. बुडालेल्या तळावर थेंब नसतातच. घर्षण कमी करण्यासाठी पाण्यात पॉलिमर सोडण्याला तर शर्यतींच्या नियमांनीच मनाई केलेली आहे. तळ स्वच्छ हवा, शेवाळ नको, एवढेच खरे. तेव्हा वेग गेला, बळ गेले, पाणी अडवणे गेले, ऊन अडवणेही गेले. शिल्लक काय राहिले? दिसणे आणि साफसफाई.

कैवारी : जे राहिले त्याची किंमत कमी नाही, कारण त्याच्या पलीकडचा पर्याय महाग आहे. जेलकोट पुरता गेला की रंग द्यावा लागतो. रंगाचे म्हणून काही वाईट नाही. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’, जिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती लाकडी पट्ट्यांच्या गाभ्यावर फायबर चढवून घडवलेली होती. तिथेच बांधलेली आणि 2017-18मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना जगभर फिरवून आणणारी ‘तारिणी’ही लाकडाच्याच गाभ्याची. साच्यातून न काढता एकेकच बांधल्या जाणाऱ्या अशा नौकांवर जेलकोटाऐवजी बहुधा रंगच चढतो. पण दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्यायचा तर आधी जुना पृष्ठभाग घासणे, लांबी भरणे, प्रायमर, मग रंग; धूळ नसलेली जागा, मास्क आणि जाणकार हात. एवढे करून तो रंग जेलकोटापेक्षा पातळच असतो. धक्क्याला घासला की सोलतो, आणि ओरखडा पडला की आतले प्रायमर दिसते. जेलकोटाला ओरखडा पडला तरी आत तोच रंग असतो. म्हणून जो थर बोटीबरोबर आयता आला आहे तो जितकी वर्षे टिकेल तितका टिकवणे हे काटकसरीचेच धोरण आहे.

साशंक : काटकसर मोजताना माणसाची किंमत धरली पाहिजे. कोरड्या घासणीत पॉलिएस्टर आणि काचतंतूंची बारीक धूळ उडते. ती त्वचेला खाजवते आणि फुप्फुसात जाते. जेलकोटाच्या दुरुस्तीत स्टायरीनची वाफ असते, हार्डनर डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. काम उघड्यावर, रुमालाचा फडका नाकाला बांधून चालते. उन्हात तापलेल्या बाजूवर कंपाउंड लावताक्षणी सुकते, म्हणून मशीन जोरात दाबले जाते, आणि एका जागी थांबले की जेलकोट जळून पिवळा पडतो. धुण्याचे पाणी, कंपाउंडचा गाळ आणि फडक्यांचा मळ काठावरून पुन्हा जलाशयातच जातो. तेलंगणातल्या जलाशयांवर मासेमारी करणारा माणूस पुट्टी नावाच्या गोल होडीतून किंवा थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे टाकतो. त्याला उद्या फायबरची बोट मिळाली तर तिच्यासाठी दरवर्षी कंपाउंड, बफिंग मशीन आणि मेण यांचा खर्च त्याच्या माथी मारणे योग्य ठरेल का? त्याची बोट पांढुरकी होऊन वीस वर्षे मासे आणत राहिली तर त्यात बिघडले काय?

कैवारी : त्याच्यासाठी यादी लहान करता येते, रद्द करता येत नाही. काम संपले की बोट उलटी करून झाडाखाली ठेवणे. हंगामाच्या शेवटी धुणे. तळाला फोड, कडांना उघडे तंतू आणि जोडांना तडे आहेत का ते पाहणे. उघडा तंतू दिसला तर तो त्याच आठवड्यात रेझिनने बंद करणे, कारण पाणी त्या वाटेने आत जाते. मेण परवडले तर लावावे, नाही तर नाही. पर्यटकांच्या बोटीची यादी मोठी, कारण तिथे लोक पैसे देऊन बसतात आणि मळकट बोटीवर त्यांचा विश्वास बसत नाही. बफिंग सकाळी किंवा सावलीत, हात लावून पृष्ठभाग गार आहे हे पाहून; मशीन कमी फेऱ्यांवर, सतत फिरते; कडांवर हातानेच; घासणी पाण्यात, म्हणजे धूळ उडत नाही; आणि गाळ काठापासून दूर गोळा करून. आपत्तीच्या वेळी लागणाऱ्या बोटींची तिसरी यादी: त्या वर्षानुवर्षे उभ्याच असतात, म्हणून त्यांना सावली सर्वांत मोलाची आणि पॉलिश सर्वांत कमी. या तिन्ही याद्यांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे वर्षातून एकदा बोटीच्या प्रत्येक वितीवरून कोणाचा तरी हात फिरणे. पॉलिशचा खरा लाभ कदाचित तोच असेल. मेण चोळणाऱ्या हाताला जो उंचवटा लागतो तो दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही.

साशंक : तो हात कोणाचा, यावर सगळे ठरते. बोट एका संस्थेची आणि ती चालवण्याचा ठेका दुसऱ्याचा, ही व्यवस्था सर्रास आढळते. दोन-तीन वर्षांच्या ठेकेदाराला हवी असते ती या हंगामातली चकाकी. ती जाड कंपाउंडने पटकन मिळते, आणि त्यात गेलेले मायक्रॉन त्याच्या हिशेबात येत नाहीत. मालकाला हवे असते ते वीस वर्षांचे आयुष्य, पण त्याला समोर दिसते ती चकाकीच, आणि ती पाहूनच तो देखभाल झाल्याचा शेरा मारतो. जेलकोट किती उरला हे डोळ्यांनी कळत नाही. पोलादी पत्र्यावरच्या रंगाची जाडी मोजणारी साधी चुंबकीय उपकरणे फायबरवर चालत नाहीत, त्यासाठी ध्वनिलहरींवर चालणारे वेगळे उपकरण लागते. जे मोजले जात नाही ते खर्च होत राहते. हात फिरतो हे खरे, पण फिरणाऱ्या हाताला उंचवटा लागल्यावर तो कोणाला सांगायचा आणि त्यासाठी बोट चार दिवस बंद ठेवायला कोण तयार होईल, याचे उत्तर मेणाच्या डब्यात नाही.

कैवारी : मग नोंदवहीची सक्ती हवी: कोणत्या वर्षी कुठे कापले, कोणत्या नंबरच्या पेपरने, कुठे फोड दिसला, तळ किती दिवस कोरडा राहिला. चकाकीवर शेरा मारण्याऐवजी त्या वहीवर मारावा. कापणे हा अपवाद आणि धुणे, सावली, मेण हा नियम, एवढ्यावर दोन्ही बाजूंचे एकमत होऊ शकते. पर्यटकांच्या समाधानासाठी जेलकोटाचे किती मायक्रॉन खर्चावेत, हा प्रश्न मात्र रसायनशास्त्राने सुटणारा नाही. बोट ज्याच्या मालकीची आहे त्याने तो ठेका देतानाच करारात लिहून सोडवायला हवा.

साशंक : करारात लिहिले तरी तो पाळला गेला की नाही हे तपासायला पुन्हा तळ वर काढावा लागेल, आणि तो हंगाम संपेपर्यंत पाण्याखालीच असतो.